'हाउ मेनी' म्हणजे प्लस: शाळेची भाषा आणि पोरांचं डोकं

शनिवारची_टीचर

भांडुपला टेकडीवरच्या एका चाळीत आम्ही चौघी मैत्रिणी शनिवार-रविवार अभ्यासवर्ग घेतो. दहा बाय बाराची खोली, एक पंखा, एक फळा आणि पहिली ते सातवीची वीस-बावीस पोरं. मी बँकेत आहे, शिक्षिका नाही. पोरं टीचर म्हणतात, म्हणून आयडी हा.

गेल्या शनिवारी चौथीतल्या एका मुलाला त्याच्याच वर्कबुकातलं शाब्दिक उदाहरण दिलं. मुलगा इंग्रजी माध्यमात, जवळच्याच एका खासगी शाळेत. उदाहरण असं: अ बॉक्स होल्ड्स ट्वेल्व्ह पेन्सिल्स. हाउ मेनी बॉक्सेस आर नीडेड फॉर नाइन्टी सिक्स पेन्सिल्स? त्याने खणखणीत वाचलं, उच्चार माझ्यापेक्षा बरे. आणि लगेच ९६ खाली १२ मांडून उत्तर काढलं, १०८.

"बेरीज का केलीस रे?"

"टीचर, हाउ मेनी म्हणजे प्लस."

"आणि वजाबाकी कधी करायची?"

"लेफ्ट आलं की मायनस. ईच आलं की इन्टू. शेअर आलं की भागायचं."

"हाउ मेनी आणि लेफ्ट दोन्ही आले तर?"

"मग लेफ्ट बघायचं."

सगळा बंदोबस्त चोख. वाक्य समजून घ्यायची गरजच ठेवलेली नाही.

त्याच्या मामाची स्टेशनबाहेर भुर्जीपावाची गाडी आहे, हे मला माहीत होतं. वही मिटायला लावली आणि विचारलं, "अंड्याच्या ट्रेमध्ये अंडी किती?" "तीस." "मामाला दोनशे चाळीस अंडी लागणार आहेत, तर..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत, "आठ ट्रे. पण मामा नऊ आणतो, कायतरी फुटकी निघतातच."

म्हणजे भागाकार येतो. फुटतूटही हिशेबात धरता येते. मग त्या पेन्सिलींनी काय घोडं मारलं होतं?

त्याची बहीण सहावीत, पालिकेच्या मराठी शाळेत. आईबाप तेच, घर तेच, आई घरी इमिटेशनचे मणी ओवते. ही मुलगी जे वाचते ते तिला कळतं, आणि नाही कळलं तर "टीचर, हे कायतरी चुकीचं लिहिलंय" म्हणून भांडायला उठते. एकदा फळ्यावर खरंच मी चुकले होते. भाऊ कधी भांडत नाही. शांत बसतो, डायरीत 'व्हेरी गुड कंडक्ट' असा शेरा आहे. मला त्याची ती शांतताच टोचते. समजलं नाही हे सांगायलाही भाषा लागते. वर्गात जी चालते ती त्याच्याकडे नाही, आणि त्याच्याकडे आहे ती बोलला तर पाच रुपये दंड. (हो, अजून घेतात.) पाहुणे आले की मात्र घरी त्यालाच इंग्रजी वाचून दाखवायला उभं करतात. बहिणीला कोणी सांगत नाही.

आता धाकटी तीन वर्षांची झाली आणि आई मला विचारतेय, "टीचर, हिला कुठं घालू?" माझी अडचण अशी की माझी स्वतःची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. तिचं काही अडलं नाही, कारण घरात आम्ही दोघं तिचा अभ्यास घेऊ शकतो आणि पुस्तकांचं कपाट आहे. मग या बाईंना "मराठीत घाला" असं कोणत्या तोंडाने सांगू?

सेमी_फास्ट

पहिला प्रतिसाद माझा! परळच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत, गणित-विज्ञानासकट सगळं मराठीत. पुढे अकरावी सायन्स. फिजिक्सच्या पहिल्या तासाला सर 'अ‍ॅक्सिलरेशन' म्हणाले. मला त्वरण येत होतं, त्याची गणितं झोपेतून उठवून विचारली तरी सोडवली असती. पण हे तेच प्रकरण आहे हे कळायला मधली सुट्टी उजाडली, तोवर फळा दोनदा पुसून झाला होता.

मग एक दोनशे पानी वही केली. पान मधोमध दुमडायचं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. डिस्प्लेसमेंट - विस्थापन. मोमेंटम - संवेग. रिफ्रॅक्शन - अपवर्तन. दिवाळीपर्यंत साठ-सत्तर पानं भरली आणि नंतर ती वही उघडायची वेळ आली नाही. नुसते शब्द बदलायचे होते, आतला माल तयार होता. तुमच्या त्या चौथीतल्या मुलाकडे शब्द आहेत आणि माल दुसऱ्याच गोदामात आहे.

तेव्हा माझं मत: मराठीत घाला, पाचवी-आठवीपासून सेमी, म्हणजे गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीतून.

निळी_छत्री

सेमी_फास्ट, तुम्ही दिवाळीपर्यंत तरलात, अभिनंदन. तुमच्या शाळेतून सायन्सला गेलेले बाकीचे किती तरले? जे बुडाले ते असे प्रतिसाद लिहायला येत नाहीत.

आणि धागाकर्तीला: "मराठीत घाला" म्हणणं सोपं आहे, पण घालायची कुठे? आमच्याकडे कांजूरला मराठी शाळेत दुसरीच्या वर्गात अकरा मुलं. दोन वर्ग एकत्र बसवतात, बाईंना निवडणूक याद्यांचं काम लागलं की तेही नाही. मी हौसेने मुलाला बालवाडीपासून मराठीत घातलं होतं, तिसरीला काढलं. घराण्याची अब्रू, टाय-बूट वगैरे काही कारण नव्हतं. वर्गात त्याच्याशी खेळायला कोणी उरलं नव्हतं. भाषेच्या तत्त्वासाठी माझं पोर एकटं बसवायचं का?

सेमी_फास्ट

बरोबर धरलंत. आम्ही नऊ जण सायन्सला गेलो होतो, तिघांनी पहिल्या टर्मनंतर सोडलं. त्यातला एक गणितात माझ्या पुढे होता. तो आता कुठे आहे मला माहीत नाही, आणि हे लिहिताना पहिल्यांदा त्याचा विचार केला.

कलम_वाचक

कायद्याचं थोडक्यात, कारण दरवेळी कोणीतरी "सरकारने सक्ती करावी" म्हणतंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं की शिकवण्याचं माध्यम शक्य तितकं मुलाची मातृभाषा असावं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरची भाषा म्हणतं, त्यातही 'जिथे शक्य असेल तिथे' आहेच. पण २०१४ मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलं, की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम निवडणं हा मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा हक्क आहे, सरकार मातृभाषा लादू शकत नाही. महाराष्ट्राचा २०२० चा कायदा सगळ्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा करतो, माध्यम नव्हे. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, निम्मी भांडणं इथेच होतात.

खडूची_पूड

पालिकेच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, एकवीस वर्षं. सगळे 'मातृभाषा, मातृभाषा' म्हणताय म्हणून माझ्या वर्गातली हजेरी सांगते. घरात जालना-परभणीकडची मराठी बोलणारी सहा-सात. भोजपुरी बोलणारी तितकीच. बाकी वडारी, गोरमाटी (बंजारा), दोन कोकणी मुसलमान. माध्यम मराठी, आणि पुस्तकातली मराठी यातल्या कोणाच्याच घरी नाही. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. पण आठही काही घराजवळ नसतात. सहा वर्षांच्या पोराला हायवे ओलांडावा लागू नये म्हणून आई जवळची शाळा बघते. माध्यम त्या हायवेने ठरवलेलं असतं.

भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता आहे. उ उखळाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. यातलं एकही मुंबईच्या पोराने पाहिलेलं नाही. एका मुलीने उखळाचं चित्र बघून "डमरू" म्हटलं. चित्र नीट बघा, तिचं काय चुकलं? शेजारच्या इंग्रजी वर्गातला तक्ता बघायला गेले तर तिथे आय फॉर इग्लू. उखळ आणि इग्लू, दोन्ही आमच्या वॉर्डात मिळत नाहीत.

एका मुलाबद्दल सांगायचं आहे. जूनमध्ये आला, जुलै संपला तरी एक शब्द नाही. हजेरीला हात वर करायचा, बस्स. मी त्याचं नाव विशेष तपासणीच्या यादीत घालायच्या बेतात होते. एक दिवस मधल्या सुट्टीत नळापाशी त्याला चुलतभावाशी भांडताना ऐकलं, न थांबता, लांबलचक वाक्यं, हातवारे, समोरच्याची नक्कल. वडारी. आपल्या कानाला तेलुगूच वाटते. पाण्यासाठी भांडत होता आणि 'नीळ्ळू' एवढाच शब्द मला कळला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाण्याचं चित्र काढून खाली 'पाणी' लिहिलं आणि त्याच्याकडे बघून विचारलं, "नीळ्ळू?" तो हसला आणि इतका वेळ बोलत सुटला की मला त्याला गप्प बसवावं लागलं. यादी मी फाडली, पण त्याआधीच्या एकवीस वर्षांच्या याद्यांचं काय, हा विचार येतो.

टीचरताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही माझ्याकडे. पण दंड घेणाऱ्या शाळेत घालू नका, माध्यम कोणतंही असो.

ओसरी

खडूची_पूड, दंडवत.

'उच्चार माझ्यापेक्षा बरे' यावरून एक. कॅनडातले भाषाअभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक दाखवला. परकी भाषा खेळताना, बोलताना वापरण्याइतकी मुलांना साधारण दोन वर्षांत येते. पण त्याच भाषेत विज्ञानाचा धडा समजणं, कारण देणं, शाब्दिक उदाहरण उलगडणं, याला पाच ते सात वर्षं लागतात. पहिल्या प्रकारची भाषा ऐकून पालक आणि शिक्षक दोघंही फसतात: बोलतोय की फाडफाड! आणि ही मुदत आजूबाजूला दिवसभर इंग्रजीच कानावर पडणाऱ्या मुलांची आहे. भांडुपच्या चाळीत पाच तास शाळा आणि उरलेला वेळ मराठी-हिंदी, तिथे काय होत असेल ते तुम्हीच बघताय.

घरच्या भाषेत वाचायला शिकलेलं पोर दुसऱ्या भाषेत वाचायला शून्यातून सुरुवात करत नाही, हेही त्यांचंच म्हणणं. सेमी_फास्ट यांचं 'माल तयार होता' ते हेच.

अडीचकी

मराठीचं सगळंच गोडगोड नाही, हे मराठी माध्यमाचा निवृत्त गणित शिक्षक म्हणून सांगतो. 'एकोणसत्तर' हा आकडा घ्या. ऐकू येतो सत्तर, लिहायचा ६९. दुसरीतली निम्मी मुलं ७९ नाहीतर ७१ लिहितात. आपल्याकडे एकक आधी बोलतात, दशक नंतर, आणि लिहिताना उलटं. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतात, लिहायचे सहा आधी. इंग्रजीत सिक्स्टी थ्री, जसं ऐकू येतं तसं लिहा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवतो? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरी नावं अवघड जातात, म्हणून ही सोय आहे. पण विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळ्यांनी विनोद करून घेतले. त्यात मीही होतो. नंतर नातवाला शिकवायला बसलो आणि 'पन्नास सात' म्हटल्यावर त्याने चटकन ५७ लिहिले, तेव्हा जीभ चावली.

अर्थात पाढ्यांची गंमत मराठीतच. 'बे त्रिक सहा, बे चोक आठ' याला ठेका आहे, 'टू थ्रीज आर सिक्स' मध्ये तो नाही. पावकी, निमकी, अडीचकी तर भाजीवाल्याकडेही उपयोगी पडायच्या. आयडी उगीच घेतलेला नाही.

दोन_नंबरचा_डबा

आमच्या घरी इंग्रजी माध्यमातला चिरंजीव रिक्षावाल्याला विचारतो, "काका, अठ्ठेचाळीस म्हणजे फोर्टी एट की एटी फोर?" रिक्षावाल्याला आवडतो तो फार.

गिरगावचा_म्हातारा

तुम्हाला वाटतं हे भांडण आताचं आहे. १८४७ च्या सुमारास याच मुंबईत, बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये, हेच चाललं होतं. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. समोर आपले नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान आणि एक इंग्रज, चौघंही म्हणत होते की सर्वसामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचं तर ते देशी भाषेतूनच. जर्व्हिस साहेब नुसते बोलत नव्हते, त्यांनी १८२० च्या दशकात मुंबईत मराठी-गुजरातीतून अभियंते शिकवले होते आणि गणिताची पुस्तकं मराठीत आणली होती.

आणि गंमत बघा, नाना इंग्रजीचे वैरी अजिबात नव्हते. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या उभारणीत तेच पुढे. त्यांचं म्हणणं एवढंच, की मूठभरांना इंग्रजी मिळेल, बाकीच्यांचं काय? १८५४ चा शिक्षणावरचा वुडचा खलिता शेवटी दोन्हीकडे मान डोलावून मोकळा झाला: वर इंग्रजी, खाली देशी भाषा. तो वरचा-खालचा जिना अजून तसाच आहे, म्हणून त्या बाई विचारतायत.

निळी_छत्री

"वर इंग्रजी, खाली देशी." बास, हाच माझा मुद्दा होता. त्या आईला जिना दिसतोय. आपण तिला सांगतोय की खालच्या पायरीवर मुलीला समज चांगली येईल. तिला समज नको असं नाही, तिला वर जायचंय.

परतीचा_पाऊस

सेमीवाल्यांसाठी एक गोष्ट. क्वालालंपूरला चार वर्षं होतो. मलेशियाने २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली, अगदी आपल्या सेमीसारखं, फक्त देशभर. २००९ मध्ये गुंडाळायचं ठरलं, २०१२ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा मलय. माझे सहकारी सांगायचे, शहरातल्या मुलांचं निभलं, गावातली मागे पडली, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांनाच इंग्रजीतून शिकवणं जड जात होतं. मग २०१६ पासून ज्या शाळांना झेपेल त्यांनाच ते ऐच्छिक केलं. आपल्याकडे सेमीचा वर्ग उघडताना 'शिकवणाऱ्याला झेपतंय का' हे कोण विचारतं? माझ्या भाच्याच्या सेमीच्या वर्गात बाई इंग्रजी पुस्तकातलं वाक्य वाचतात, मराठीत सांगतात आणि परीक्षेसाठी इंग्रजी उत्तर पाठ करायला देतात.

खडूची_पूड

परतीचा_पाऊस, तसं आम्हीही करतो. मला कोणी प्रशिक्षण दिलं? दोन दिवसांचं दिलं, त्यातला एक दिवस उद्घाटनात गेला.

तिसरी_घंटा

हे सगळं सोडून पहिलीपासून हिंदी लादायचा घाट घातला होता त्यावर कोणी बोलेल का?

संपादक

त्यावर २०२५ मध्ये दोन धागे झाले आहेत, दोन्ही कुलूपबंद आहेत. इथे विषय माध्यमाचा आहे. चालू द्या.

शनिवारची_टीचर

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे आभार, खडूची_पूड यांचे जास्त. तो नीळ्ळूचा प्रतिसाद मी आमच्या चौघींना वाचून दाखवला.

आम्ही काय बदललं ते सांगते. त्या मुलाची शाळा स्टेट बोर्डाची आहे, म्हणजे बालभारतीचं तेच गणिताचं पुस्तक मराठीतही असतं, तीच उदाहरणं. पीडीएफ फुकट मिळते. आता दोन्ही पुस्तकं शेजारी उघडतो. आधी मराठी वाचायचं, मिटायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, मग तेच इंग्रजीत शोधायचं. पहिल्या दिवशी तो बिथरला, "मराठी नको, मराठी दीदीचं आहे" म्हणाला. त्याला मराठी वाचता येत होतं, पण अडखळत. दीदीनेच मग वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरात मराठी वाचणाऱ्या माणसाला भाव मिळाला.

गेल्या शनिवारी म्हटलं, आता तूच एक उदाहरण बनव, इंग्रजीत. बराच वेळ पेन्सिल चावून त्याने लिहिलं: माय मामा हॅज २४० एग्ज. वन ट्रे इज ३० एग्ज. १० एग्ज ब्रेक. हाउ मेनी ट्रे मामा ब्रिंग? व्याकरण जाऊ द्या. मी विचारलं, हाउ मेनी म्हणजे प्लस ना? तो म्हणाला, "नाय टीचर, आधी बघायचं मामाला काय पाहिजे."

पण धाकटीचं मी काही ठरवू शकले नाही. मी आईला सगळं सांगितलं, जिना, वडारी मुलगा, मलेशियासुद्धा. ती मणी ओवता ओवता ऐकत होती. म्हणाली, "पटतंय टीचर. पण चाळीतली सगळी पोरं टाय लावून जातात, ही एकटी कशी जाईल?" निळी_छत्री, तुमची आठवण झाली. दंड घेत नाहीत अशी एक शाळा शोधली, इंग्रजीच, पण ज्युनिअर केजीच्या बाई मुलांशी मराठीत बोलतात. मी स्वतः अर्धा तास वर्गाबाहेर उभं राहून ऐकलं. फॉर्म इंग्रजीत होता म्हणून मीच भरला. 'मदर टंग'च्या रकान्यात मराठी लिहिलं. पुढचा रकाना, घरी बोलली जाणारी भाषा. आई पटकन म्हणाली, "तिथं इंग्लिश लिवा टीचर, नायतर घेणार नाहीत."

अडीचकी

लिहिलंत?

शनिवारची_टीचर

मराठी लिहून पुढे स्वल्पविराम देऊन 'थोडं इंग्लिश' लिहिलं. रकाना लहान होता, 'थोडं' खालच्या ओळीवर गेलं.